एटीपी संपल्यावर स्नायू सैल न पडता ताठ का होतो? स्नायूपेशीच्या भागांविषयी थोडं सविस्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला आहात, स्नायूपेशीचे भाग आणि त्यांची कार्यं यांचा तक्ता तोंडपाठ आहे, तरी व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, दोन ठिकाणी अडलात. आकुंचनाला एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, लागतो, तर मृत्यूनंतर एटीपी संपल्यावर स्नायू सैल पडायचा सोडून ताठ का होतो? आणि हृदयाच्या स्नायूला पेशीबाहेरचं कॅल्शियम लागतं, दंडाच्या स्नायूला मात्र लागत नाही, हे कसं? दोन्हीकडे भाग तर तेच आहेत.

मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते आणि टेबलाच्या पलीकडे बसून हेच दोन प्रश्न मीही विचारते. तक्ता पाठ केलेला विद्यार्थी आणि पेशी कळलेला विद्यार्थी यांच्यातला फरक इथे लगेच दिसतो. तुमची अडचण स्मरणशक्तीची नाही. ‘एटीपी : आकुंचनासाठी ऊर्जा’ ही तक्त्यातली ओळ अर्धीच खरी आहे, आणि तिच्यावर विसंबून पुढे गेलं की माणूस बरोबर तुम्ही अडलात तिथेच अडतो. आकुंचन सगळे वाचतात, सैल पडणं कुणी वाचत नाही. म्हणून मी मुलांना प्रत्येक भागाबद्दल एकच प्रश्न विचारायला लावते : स्नायू सैल पडावा यासाठी हा भाग काय करतो?

उत्तर कशाकशावर अवलंबून आहे तेही आधी सांगते. स्नायू अस्थिस्नायू (हाडांना जोडलेला) आहे, हृदयाचा आहे की आतड्याचा. प्राणी बेडूक आहे की माणूस. तंतू सावकाश चालणारा आहे की झटकन. खाली मी माणसाचा अस्थिस्नायू धरून चालले आहे, बाकीचे लागतील तसे येतील.

प्रथम मापांचा घोळ मिटवू, कारण निम्मी मुलं इथेच घसरतात. स्नायुतंतू म्हणजेच स्नायूची एक पेशी. तिची जाडी साधारण १० ते १०० मायक्रोमीटर, लांबी मात्र कित्येक सेंटिमीटर असू शकते. गर्भावस्थेत अनेक छोट्या पेशी एकमेकींत मिसळून ती बनते, म्हणून तिच्यात शेकडो केंद्रकं असतात आणि ती कडेला, पटलाला चिकटून असतात. मधली सगळी जागा मायोफायब्रिलनी खाल्लेली असते. मायोफायब्रिल म्हणजे पेशीच्या आत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेले, सुमारे एक मायक्रोमीटर जाडीचे दोर, आणि त्यांच्याही आत प्रथिनांचे जाड व बारीक धागे. तंतू, मायोफायब्रिल, धागा या तीन पायऱ्या एकमेकींत मिसळू देऊ नका. पेशीच्या बाहेर, पण तिच्या आवरणाखाली, काही लहान पेशी चिकटून बसलेल्या असतात. अलेक्झांडर माउरो यांनी १९६१ मध्ये बेडकाच्या स्नायूत त्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली दाखवल्या. तंतूला इजा झाली की याच पेशी विभागून नवीन केंद्रकं पुरवतात. तुमच्या व्यवसायात त्यांच्याशी रोज गाठ पडणार आहे.

आता मायोफायब्रिलचा एक तुकडा घ्या, एका झेड रेषेपासून पुढच्या झेड रेषेपर्यंतचा. हा सारकोमिअर. विश्रांतीत त्याची लांबी दोन-अडीच मायक्रोमीटर. मध्यभागी मायोसिनचे जाड धागे, प्रत्येकी सुमारे १.६ मायक्रोमीटर लांब. ते जिथवर पसरलेत तो ए पट्टा. दोन्ही झेड रेषांपासून आत शिरणारे ॲक्टिनचे बारीक धागे, प्रत्येकी सुमारे एक मायक्रोमीटर. आकुंचनात सारकोमिअर आखडतो पण कुठलाच धागा आखडत नाही, बारीक धागे जाड धाग्यांच्या मधून आत सरकतात. म्हणून आय पट्टा (झेड रेषेलगतची, फक्त बारीक धाग्यांची जागा) आणि एच क्षेत्र (ए पट्ट्याच्या मधली, फक्त जाड धाग्यांची जागा) अरुंद होतं, ए पट्टा तेवढाच राहतो. १९५४ मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन स्वतंत्र निबंधांतून हे पुढे आलं. एक अँड्र्यू हक्सली आणि रोल्फ नीडरगर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. दोन्ही हक्सलींचं आपसात नातं नाही, हेही व्हायवात विचारणारे महाभाग असतात.

झेड रेषेपासून मधल्या एम रेषेपर्यंत टायटिन नावाचं एक प्रचंड प्रथिन जातं. माणसाच्या शरीरातल्या प्रथिनांत ते सर्वांत मोठं. जाड धागा मधोमध राहतो तो त्याच्यामुळे, आणि ताणलेला स्नायू स्वतःहून परत येऊ पाहतो त्यातही त्याचा मोठा वाटा आहे. तुम्ही पुढे पेशंटचा हॅमस्ट्रिंग ताणाल तेव्हा हाताला जो विरोध लागेल, त्यातला काही भाग या टायटिनचा आणि काही संयोजी ऊतीचा असेल.

मायोसिनच्या धाग्यातून डोकी बाहेर आलेली असतात. एका जाड धाग्यात सुमारे तीनशे रेणू आणि प्रत्येकाला दोन डोकी. डोकं ॲक्टिनला धरतं, वाकतं, धागा पाच-दहा नॅनोमीटर सरकवतं. मग ते सुटतं, पुन्हा ताठ होतं आणि पुढे धरतं. विहिरीतून पोहरा ओढताना एक हात दोर धरून ठेवतो तेव्हा दुसरा सोडून वर सरकतो, तसंच हे; सगळी डोकी एकदम सुटली तर धागा घसरेल. तर यातल्या कुठल्या क्षणी एटीपी लागतो? डोकं सुटताना. नवीन एटीपी येऊन डोक्याला चिकटतो तेव्हाच ते ॲक्टिनला सोडतं. सुटल्यानंतर तो एटीपी फुटून त्याचे एडीपी आणि फॉस्फेट होतात आणि त्या ऊर्जेनं डोकं पुन्हा ताठ होऊन उभं राहतं. ओढण्याचा झटका त्यानंतर येतो, फॉस्फेट बाहेर पडताना. झटक्याची ऊर्जा एटीपीची असते हे खरंच, पण ती आधीच भरून ठेवलेली. ओढ संपून एडीपीही निघून गेला की डोकं रिकाम्या हातानं ॲक्टिनला चिकटून बसतं आणि पुढच्या एटीपीची वाट पाहतं.

तो पुढचा एटीपी आलाच नाही तर? डोकी जिथे आहेत तिथेच अडकतात. ही मरणोत्तर ताठरता, रायगर मॉर्टिस. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे झालं. उरलेलं निम्मं न सांगता उठलात तर एक्सटर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, पुढचा प्रश्न टाकतीलच : मृत्यूच्या वेळी तर स्नायू विश्रांतीत होता, मग डोकी मुळात चिकटली कशी?

त्यासाठी कॅल्शियमकडे जावं लागतं. जिवंत, निवांत स्नायूत एटीपी भरपूर असतो, डोकी ताठ होऊन तयार असतात, तरी ओढत नाहीत, कारण ॲक्टिनवरच्या धरायच्या जागा झाकलेल्या असतात. ट्रोपोमायोसिन नावाचं लांबट प्रथिन त्या जागांवर आडवं पडलेलं असतं आणि त्याला जागेवर ठेवतं ट्रोपोनिन. कॅल्शियम ट्रोपोनिनला चिकटलं की ट्रोपोमायोसिन बाजूला सरकतं आणि जागा उघड्या पडतात. ट्रोपोनिन शोधलं ते जपानच्या सेत्सुरो एबाशी यांनी, १९६० च्या दशकात. छातीत दुखलं की दवाखान्यात जी ‘ट्रोपोनिन टेस्ट’ करतात ती याच प्रथिनाच्या हृदयातल्या प्रकाराची. ते रक्तात सापडलं म्हणजे हृदयाच्या पेशींना इजा झाली आहे.

म्हणजे स्नायू सैल राहण्याची खरी अट ही की पेशीद्रवातलं कॅल्शियम अत्यल्प असावं. विश्रांतीत ते लिटरला सुमारे ०.१ मायक्रोमोल असतं. पेशीबाहेरच्या द्रवात मुक्त कॅल्शियम लिटरला एक मिलिमोलहून थोडं जास्त, म्हणजे जवळजवळ दहा हजार पट. हा फरक आपोआप टिकत नाही. मायोफायब्रिलभोवती जाळीसारखी गुंडाळलेली आंतर्द्रव्यजालिका, म्हणजे सारकोप्लाझ्मिक रेटिक्युलम, कॅल्शियम आत खेचून ठेवते. तिच्या भिंतीत सर्का नावाचे पंप ठासून भरलेले असतात आणि एक एटीपी खर्चून ते दोन कॅल्शियम आयन आत घेतात. आत कॅल्सिक्वेस्ट्रिन नावाचं प्रथिन ते कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून थोड्या जागेत बराच साठा मावतो. आकुंचन चालू असताना पेशी जो एटीपी खर्च करते त्यातला साधारण एक तृतीयांश या पंपांवर जातो. हा आकडा मी वर्गात मुद्दाम सांगते, कारण ‘सैल पडणं म्हणजे काहीच न करणं’ हा समज त्यानं मोडतो.

आता एटीपी आणि कॅल्शियम या दोन्ही गोष्टी जोडा. मृत्यूनंतर ऑक्सिजन थांबतो, ग्लायकोजन, म्हणजे साठवलेली साखर, जाळून पेशी काही काळ एटीपी बनवत राहते, मग तेही संपतं. पंप बंद पडतात, कॅल्शियम झिरपून पेशीद्रवात येतं, झाकलेल्या जागा उघडतात. शिवाय एटीपी तळाला गेला की काही डोकी कॅल्शियमशिवायही ॲक्टिनला चिकटतात. सोडवायला एटीपी नाहीच. ताठरता जायलाही एटीपी परत येत नाही. पेशीतलीच विकरं (एन्झाइम) प्रथिनांचे जोड तोडू लागतात तेव्हा ती जाते. न्यायवैद्यक शिकवणारे सहकारी सांगतात की जबड्यात आणि मानेत ती आधी जाणवते आणि साधारण बारा तासांत सर्वांगात पसरते, पण हे वेळापत्रक हवामान बदलतं. विदर्भातल्या मे महिन्यात ती लवकर येते आणि लवकर जाते, थंडीत रेंगाळते. मरणाआधी झटके आले असतील किंवा प्रचंड धावपळ झाली असेल तर साठा आधीच रिकामा, त्यामुळे ताठरता आणखी लवकर येते.

यावर मुलं हमखास विचारतात, मग दमल्यावर जिवंत स्नायू असा का आखडून बसत नाही? कारण पेशी एटीपी तिथवर खाली जाऊच देत नाही. साठवलेला एटीपी जोराच्या कामाला जेमतेम काही सेकंद पुरतो, तो संपायच्या आत क्रिएटिन फॉस्फेट त्याची भरपाई करतं, मागून ग्लायकोजन आणि तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) येतात. दरम्यान फॉस्फेट साचतो, कॅल्शियम सुटण्याचं प्रमाण घटतं आणि ओढ कमी होते. थकवा म्हणजे बऱ्याच अंशी साठा तळाला जाऊ नये म्हणून आधीच मंदावलेलं काम.

दुसऱ्या प्रश्नासाठी पृष्ठभागाकडे येऊ. चेतातंतूचा निरोप पेशीच्या पटलावर, म्हणजे सारकोलेमावर, विद्युतलहरीच्या रूपात पसरतो. पण मधले मायोफायब्रिल पृष्ठभागापासून दहा-वीस-पन्नास मायक्रोमीटर खोल असतात. ए. व्ही. हिल यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस हिशेब मांडला होता की कुठलाही पदार्थ पृष्ठभागावरून विसरणानं आत पोचायला इतका वेळ लागेल की स्नायू प्रत्यक्षात ज्या वेगानं जागा होतो तो समजावताच येणार नाही. पेशीनं यावर काढलेला मार्ग म्हणजे टी-नलिका. पटलच आत बोटांसारखं शिरतं आणि विद्युतलहर खोलवर घेऊन जातं. अस्थिस्नायूत प्रत्येक नलिकेच्या दोन्ही अंगांना आंतर्द्रव्यजालिकेच्या फुगीर टोकपिशव्या असतात, या तिघांचं मिळून त्रिक.

खरी गंमत या त्रिकात आहे. नलिकेच्या भिंतीत विद्युतदाब ओळखणारं एक प्रथिन आहे, डायहायड्रोपिरिडिन रिसेप्टर; समोर टोकपिशवीच्या भिंतीत रायानोडिन रिसेप्टर, हे कॅल्शियम सोडणारं दार. अस्थिस्नायूत पहिलं प्रथिन आकार बदलतं आणि दुसऱ्याला थेट, यांत्रिकपणे उघडतं. बाहेरून कॅल्शियम आत यायची गरजच पडत नाही. आतला साठा पुरेसा असतो, म्हणून बाहेरच्या द्रवातलं कॅल्शियम काढून टाकलं तरी तंतू काही काळ आकुंचन पावत राहतो. हृदयात हीच दोन प्रथिनं, जरा वेगळ्या प्रकारची, अशी जोडलेली नसतात. तिथे नलिकेतल्या प्रथिनातून बाहेरचं थोडं कॅल्शियम आत यावं लागतं आणि ते थोडंसं कॅल्शियम आतल्या मोठ्या साठ्याचं दार उघडतं. भागांची यादी दोन्हीकडे जवळपास सारखी आहे, जोडणी वेगळी आहे. तक्त्याला जोडणी दाखवता येत नाही, तुमचा दुसरा प्रश्न त्यातूनच आला.

हृदयाची ही गरज पहिल्यांदा कळली ती नळाच्या पाण्यामुळे. लंडनमध्ये सिडनी रिंगर बेडकाचं हृदय क्षारद्रावणात चालू ठेवण्याचे प्रयोग करत होते. द्रावण नळाच्या पाण्यात बनवलं होतं तोवर हृदय छान चालत होतं, ऊर्ध्वपातित पाणी वापरलं तेव्हा आकुंचनं मंदावून थांबली. नळाच्या पाण्यात कॅल्शियम होतं, असा खुलासा त्यांनी १८८३ मध्ये छापला. सलाइनच्या बाटलीवर ‘रिंगर लॅक्टेट’ लिहिलेलं दिसतं ते नाव त्यांचंच.

औषधांतही हा फरक दिसतो. व्हेरापामिल नलिकेतलं ते कॅल्शियमचं द्वार बंद करतं, हृदयाचा जोर घटतो, पण ते घेणाऱ्या माणसाच्या दंडाची ताकद जात नाही. उलट काही जणांत अस्थिस्नायूतला रायानोडिन रिसेप्टर जन्मतः सदोष असतो. हॅलोथेनसारख्या भुलीच्या वायूनं तो उघडाच राहतो, कॅल्शियम वाहत राहतं, पंप एटीपी जाळत राहतात, स्नायू कडक होतात आणि अंगाचं तापमान धोकादायक चढतं. त्यावरचं डॅन्ट्रोलीन हेच दार बंद करतं.

इथे एक सापळा आहे. अस्थिस्नायूला बाहेरचं कॅल्शियम लागत नाही म्हणून रक्तातलं कॅल्शियम कमी झालं तर त्याला काही होत नाही, असं लिहू नका. हातापायांना पेटके येतात, बोटं आखडतात. पण त्याचं कारण चेतातंतूत आहे, तो कॅल्शियम कमी झालं की जरा जास्तच सहज पेटतो. स्नायूपेशी फक्त आलेले निरोप पाळत असते.

सारकोलेमाबद्दल आणखी एक गोष्ट तुम्हाला पुढे उपयोगी पडेल. प्रत्येक आकुंचनात हे नाजूक पटल ओढलं जातं. आतल्या ॲक्टिनच्या जाळ्याला पटलातल्या प्रथिनांमार्फत बाहेरच्या आवरणाशी बांधणारं प्रथिन म्हणजे डिस्ट्रोफिन, १९८७ मध्ये ओळखलं गेलेलं. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यानं ड्युशेन डिस्ट्रॉफी मुख्यतः मुलग्यांत दिसते. डिस्ट्रोफिन नसलं की पटल फाटत राहतं, कॅल्शियम आत शिरतं, क्रिएटिन कायनेज हे विकर बाहेर गळतं आणि रक्ततपासणीत तेच, सीपीके या नावानं, कित्येक पटींनी वाढलेलं येतं. जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत वर चढणारा मुलगा तुमच्या ओपीडीत येईल तेव्हा ही ओळ आठवा. अशा मुलाला जोरदार व्यायाम, विशेषतः उतार उतरण्यासारखा ताणत आकुंचन करायला लावणारा, सांगताना फार जपावं लागतं.

तंतुकणिका, मायोग्लोबिन, ग्लायकोजन यांच्यावर फार वेळ घालवत नाही, ते पुस्तकात ठीक दिलेलं असतं. त्यांचं प्रमाण मात्र तंतूच्या कामावर ठरतं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात जे. सी. जॉर्ज आणि सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात कबुतराच्या छातीच्या स्नायूवर काम केलं. त्यात बारीक लाल तंतू चरबी जाळणारे आणि तंतुकणिकांनी गच्च भरलेले, तर रुंद पांढरे तंतू ग्लायकोजनवर चालणारे. लांब पल्ल्याच्या उडण्याला लाल, झटक्यात झेप घ्यायला पांढरे. माणसाच्या बहुतेक स्नायूंत दोन्ही मिसळलेले असतात.

राहिला अरेखित स्नायू, आतड्याचा, रक्तवाहिनीचा, गर्भाशयाचा. तिथे सारकोमिअर नाही, टी-नलिका नाहीत, ट्रोपोनिनही नाही. कॅल्शियम कॅल्मोड्युलिनला चिकटतं, ते एका विकराला जागं करतं आणि ते विकर मायोसिनवरच फॉस्फेट बसवतं. सैल पडायला नुसतं कॅल्शियम उतरून भागत नाही, तो फॉस्फेट काढणारं वेगळं विकर लागतं. सुरुवातीला सांगितलेला सैल पडण्याचा प्रश्न इथेही विचारला की दोन स्नायूंतला फरक पटकन हाती लागतो.

प्रश्नपत्रिकेत नुसतं ‘स्नायूपेशी’ लिहिलेलं असेल तर आकृतीच्या वर ‘अस्थिस्नायू, सस्तन प्राणी’ असं आधी लिहा. मग टी-नलिका ए आणि आय पट्ट्यांच्या सीमेवर काढा, म्हणजे एका सारकोमिअरला दोन. झेड रेषेवर काढलीत तर ती बेडकाची किंवा हृदयाची आकृती ठरते, आणि एक्सटर्नल पेन नेमकं तिथेच टेकवतात.